शॉप फ्लोअरवाल्या मॅडम

२०१९ च्या जानेवारीत एका महिन्यात माझ्याकडे १४० पिच डेक आले, म्हणजे नव्या कंपन्यांची पैसे मागणारी सादरीकरणं. डेटिंगचं ॲप, क्रिप्टोचं वॉलेट, कुत्र्यांच्या खाण्याची महिन्याची वर्गणी, लग्नाच्या फोटोग्राफरांची यादी. मी ते सगळे उघडले, रात्री जागून वाचले. त्यातल्या एकाही धंद्यातलं बरंवाईट मला कळत नव्हतं. आणि ते माझ्याकडे यावेत याची सोय मीच दरमहा पैसे मोजून केली होती.

मी मूळची धंद्यातली बाई. भोसरी एमआयडीसीत दीर आणि मी मिळून २३ वर्षं मशीनिंगचं युनिट चालवलं. बाहेरून ॲल्युमिनियमचं कास्टिंग यायचं, आमच्याकडे व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) त्याचं मशीनिंग व्हायचं आणि माल चाकणच्या पुरवठादारांकडे जायचा. टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याचा विभाग, दिरांकडे; खरेदी, व्हेंडर आणि क्वालिटी माझ्याकडे. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही मशीनिंगचं युनिट एका मोठ्या कंपनीला विकलं. टूलरूम दिरांनी स्वतःकडे ठेवली. माझ्या वाट्यातून ७० लाख बाजूला काढायचे आणि नव्या कंपन्यांत लावायचे असं मी ठरवलं. आमचे सीए म्हणाले, "वहिनी, उद्या हे सगळे गेले तर घरात किराण्याची यादी बदलायला नको, एवढेच काढा." तो आकडा त्यांच्याबरोबर बसूनच काढला आणि आजपर्यंत त्याच्या पुढे गेले नाही.

एका एंजल नेटवर्कची, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे लावणाऱ्यांच्या गटाची, सभासद झाले. तिथे पहिल्याच बैठकीत गूगलच्या चेकची गोष्ट ऐकली, ती पुढे दहा वेळा ऐकली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अँडी बेक्टोल्शाइमने पेज आणि ब्रिन या दोघांना एक लाख डॉलरचा चेक दिला, 'गूगल इन्कॉर्पोरेटेड'च्या नावाने, आणि त्या नावाची कंपनी तेव्हा नोंदवलेलीही नव्हती. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण चेकवर थांबायचा. मला मात्र त्यातली आधीची हकीकत महत्त्वाची वाटते. बेक्टोल्शाइम हा सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक, यंत्रं बांधणारा माणूस. भेट झाली ती स्टॅनफर्डचे प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या घराच्या ओसरीवर. समोर ठेवलेली वस्तू त्याला स्वतःला कळत होती आणि दोन मुलांना त्याच्यापर्यंत आणणारा माणूस त्याला ओळखत होता. हे दोन्ही आधी होतं, चेक नंतर आला. मला हे समजायला दोन वर्षं आणि बरेच पैसे लागले.

त्याच नेटवर्कमध्ये एका अनुभवी सभासदाने सांगितलं, "मॅडम, चांगल्या कंपन्या तुमच्याकडे याव्यात असं वाटत असेल तर पर्सनल ब्रँड बनवा. पाच लाखांचा चेक देणारे शंभर आहेत, फाउंडरने तुमचाच का घ्यावा?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याचं उत्तर बाहेरून विकत घेतलं. एका एजन्सीला महिन्याला ३५,००० रुपये ठरले. बाणेरच्या एका कॅफेत फोटो काढले. लिंक्डइनवर माझ्या नावाखाली आठवड्याला चार इंग्रजी मजकूर जाऊ लागले: जिद्दीबद्दल, अपयशातून शिकण्याबद्दल, उद्याच्या भारताबद्दल. ती वाक्यं खोटी नव्हती, पण ती कुणाचीही असू शकली असती. वाचणाऱ्याला एवढंच कळत होतं की या बाईंकडे पैसे आहेत. मग पैसे हवे असलेले सगळे आले. १४० डेक आले ते असे.

याच काळात माझा पहिला चेक गेला, नोव्हेंबर २०१८ मध्ये. नोकरीसाठी शहरात आलेल्या मुलांना पीजी शोधून देणारं ॲप होतं. पाच लाख. फाउंडर मुलगा नाशिकचा, हुशार, सरळ. त्या धंद्यात मला काय कळत होतं? काहीच नाही. बाकीचे लावताहेत म्हणून मी लावले. त्या कंपनीबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण माझ्या नावाचा पाया तिथे पडला, आणि तोही कंपनी बुडताना.

२०१९ च्या जूनमध्ये मी एजन्सी बंद केली. पाच महिने एक अक्षर लिहिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पाषाणला, एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योगांच्या केंद्रात एका कार्यक्रमाला गेले होते. जेवणाच्या वेळी दोन मुलं भेटली. रक्ताचे नमुने फिरवणारं छोटं सेंट्रिफ्यूज बनवत होती, गावातल्या दवाखान्यांसाठी. त्यांची तक्रार होती की बेअरिंगचं हाउसिंग (ते बसतं ते कवच) करून द्यायला वर्कशॉपवाले नगाला ४,२०० रुपये मागतात आणि या भावात यंत्र विकणंच शक्य नाही. मी ड्रॉइंग मागितलं. मुलाने लॅपटॉपवर दाखवलं. ३३ मापं होती आणि तेहेतीसही मापांवर २० मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाकला होता. मी विचारलं, "या बाहेरच्या कडेला २० मायक्रॉन कशाला? तिथे काय बसतं?" तो म्हणाला, "काहीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये एकदा टाकलं की सगळीकडे येतं."

ज्याने कधी मशीनसमोर उभं राहून जॉब काढला नाही, त्याला याची किंमत दिसत नाही. २० मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेवढं माप राखायचं तर ऑपरेटर फिनिशिंगचा कट वेगळा घेतो, सेटिंग दोनदा तपासतो, प्रत्येक नग मापतो, आणि रिजेक्शनचा धोका म्हणून वर्कशॉपवाला भावात थोडे जास्तीचे पैसे धरून ठेवतो. त्या हाउसिंगमध्ये खरोखर नाजूक मापं दोनच होती: बेअरिंग बसतं तो बोअर (भोक) आणि मोटरचा खांदा टेकतो ती जागा. बाकी ३१ मापं ढिली करता येत होती, काही तर ०.२ मिलिमीटरपर्यंत. मी पेन काढून त्यांच्या कागदावर खुणा केल्या. दोन आठवड्यांनी मुलाचा फोन आला, त्याच वर्कशॉपने भाव १,९०० केला होता.

त्या रात्री मी हे सगळं लिहून काढलं. मराठीत. हा निर्णय मुद्दाम घेतलेला नव्हता. 'जॉब', 'सेटिंग', 'गेज' हे शब्द माझ्या तोंडात मराठी वाक्यांतच येतात, इंग्रजीत त्यांचा जीव जातो. मुलांचं नाव न घेता, त्यांची परवानगी घेऊन, ड्रॉइंगचा एक कोपरा लावून सहाशे शब्दांचा मजकूर टाकला. आठवडाभरात ११ माणसांनी लिहिलं. इचलकरंजीहून यंत्रमागाच्या सुट्या भागांवर काम करणारा एक जण, वाळूजचे दोघे भाऊ, अंबडची एक इंजिनिअर मुलगी. १४० आणि ११. पण त्या अकराही जणांशी मी तासभर बोलू शकत होते, आणि त्यातल्या सात जणांना पैसे नकोच होते, ड्रॉइंग दाखवायचं होतं.

तेव्हापासून एक आड एक रविवारी लिहिते. विषय एकच: प्रोटोटाइपपासून पहिल्या ५०० नगांपर्यंतचा रस्ता. साचा कधी करायचा, कधी करायचा नाही. फौंड्रीवाल्याला आगाऊ किती द्यायचे. थ्रीडी प्रिंटवर चाललेला भाग कास्टिंगमध्ये का तडकतो. पहिला पीस पास झाला म्हणजे लॉट पास झाला असं का नसतं. मी स्वतः हाताळलेलं नाही त्यावर लिहीत नाही. फिनटेकवर माझं मत विचारतात, मी सांगते की मला त्यातलं कळत नाही. हे वाक्य जितक्या वेळा म्हटलं तितकी माझी कळणाऱ्या गोष्टींबद्दलची पत वाढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लिहिण्याला एक कायद्याची कडाही आहे आणि ती नव्या एंजलांना माहीत नसते. एकदा उत्साहात मी मजकूर तयार केला होता, 'मी या कंपनीत गुंतवणूक करते आहे, राउंड अजून उघडा आहे, इच्छुकांनी कळवावं.' राउंड म्हणजे कंपनीची पैसे उभे करण्याची एक फेरी. मजकूर टाकण्याआधी सीएंना दाखवला, ते जवळजवळ ओरडलेच. खासगी कंपनी शेअर विकते ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ खाली, प्रायव्हेट प्लेसमेंटने. त्यात देकार (ऑफर) आधी निवडलेल्या ठरावीक माणसांना, नावानिशी द्यायचा असतो, वर्षाला जास्तीत जास्त २०० जणांना. जाहिरात किंवा कुठलंही माध्यम वापरून लोकांना कळवायला कंपनीला मनाई आहे. माझ्या एका उत्साही मजकुराने फाउंडर अडचणीत आला असता. आता चालू राउंडबद्दल मी सार्वजनिक एक शब्द लिहीत नाही. पैसे पोचले, शेअर मिळाले, विवरण दाखल झालं, आणि फाउंडर हो म्हणाला, तर मग लिहिते.

आता त्या पीजीच्या ॲपबद्दल.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नोकरीची मुलं आपापल्या गावी गेली. धंदा एका आठवड्यात शून्यावर आला. फाउंडरने जुलैपर्यंत ओढलं. ऑगस्टमध्ये फोन केला तेव्हा त्याच्या आवाजातच कळलं. खात्यात नऊ लाख शिल्लक होते. ११ माणसांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते, तीन छोट्या व्हेंडरांची बिलं होती. आणि आमच्या करारात लिहिलं होतं की कंपनी गुंडाळताना भागधारकांमध्ये आधी गुंतवणूकदारांना त्यांचे पैसे मिळतील. दोन गुंतवणूकदारांनी त्यावर बोट ठेवलं. मी करार पुन्हा काढून वाचला, सीएंना विचारलं. ते म्हणाले, तो क्रम मालकांमधला आहे. कामगारांचं देणं मालकांच्या आधी येतं, करारात काहीही लिहा. मी त्या दोघांना एकेकट्याने फोन केले. एकाशी दीड तास बोलले. मी म्हटलं, "आपण पाच लाख लावले ते बुडू शकतात हे कळून लावले. त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलीने पगारावर खोलीभाडं धरलं होतं." शेवटी दोघेही तयार झाले. पगार पूर्ण गेले, व्हेंडरांचे पूर्ण गेले, आम्हाला काही आलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी फाउंडरबरोबर कागद आवरण्यात घालवले. कंपनी बंद करणं हेही एक काम असतं. जीएसटी नोंदणी रद्द करणं, टीडीएसची विवरणं, कंपनी रजिस्ट्रारकडचा अर्ज. तो मुलगा त्या दिवसांत फार खचला होता. संध्याकाळी सातला मी रोज फोन करायची, कामाच्या निमित्ताने. त्याच्या दोन डेव्हलपरांना ओळखीत नोकऱ्या लागल्या. हे मी कुठे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं आहे असं वाटलंही नाही, आपल्या युनिटमधली माणसं जाताना आपण जे केलं असतं तेच केलं.

२०२२ च्या जानेवारीत नाशिकच्या अंबडहून एका माणसाचा फोन आला. कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवत होता. लासलगावच्या व्यापाऱ्यांसाठी, शेतकरी कंपन्यांसाठी. म्हणाला, "ताई, तुमचं लिहिलेलं मी वाचतो. पण फोन त्यामुळे नाही केला. तुम्ही ज्याच्या कंपनीत पैसे लावले होते आणि ती बंद पडली, तो माझ्या वर्गातला. त्याला विचारलं की कुणाचे पैसे घेऊ. त्याने पहिलं नाव तुमचं सांगितलं."

मी फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले. आम्ही गुंतवणूकदार फाउंडरची चौकशी करतो: त्याचे आधीचे मालक, ग्राहक, बँक. फाउंडर आमची चौकशी कशी करतात याचा मी विचारच केला नव्हता. ते वर आलेल्या कंपनीच्या फाउंडरला विचारत नाहीत, तिथे सगळे चांगलेच बोलतात. ते बुडालेल्याला विचारतात. लिंक्डइनवर माझ्याबद्दल जे काही आहे त्या सगळ्याहून तो एक फोन जड होता.

कांद्याच्या यंत्राची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण छोटा चेक देणाऱ्याला मोठ्या राउंडमध्ये जागा कशी मिळते हे त्यात आहे. बेंगळुरूचा एक फंड राउंड लीड करत होता, म्हणजे मोठी रक्कम आणि अटी त्याच्या. त्यांना पाच लाखांचा चेक देणारी बाई कशाला हवी? कॅप टेबलवर (भागधारकांच्या यादीत) आणखी एक नाव, आणखी एक सही. पण त्यांच्याकडे यंत्राचा खर्च तपासणारं कुणी नव्हतं. फाउंडरने सुचवलं आणि मी अंबडला जाऊन दोन दिवस त्यांच्या शेडमध्ये बसले. त्यांच्या योजनेत गिअरबॉक्सच्या हाउसिंगसाठी ॲल्युमिनियमचा प्रेशर डायकास्टिंगचा साचा, म्हणजे डाय, होता, साडेसहा लाखांचा; वितळलेला धातू त्यात दाबाने भरतात. हातात ऑर्डर ४० यंत्रांची. मी विचारलं, "ॲल्युमिनियम का?" उत्तर आलं, वजन कमी होतं. "यंत्र उचलून कुठे न्यायचंय?" ते तर शेडमध्ये बोल्टने बसवायचं होतं. मग बीडाचं (कास्ट आयर्नचं) का नको? वाळूच्या साच्यातलं कास्टिंग, कोल्हापूरला शिरोलीत. पॅटर्नचा, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्याचा, खर्च ४०,०००. डिझाइन बदललं तर पॅटर्न दुरुस्त होतो, डायचं तसं नसतं. आणि डिझाइन बदलणारच होतं. पहिल्या ४० यंत्रांत ते तीनदा बदललं.

दोन पानांचा अहवाल लिहून फंडाला पाठवला. फी घेतली नाही. त्यांनी राउंडमध्ये जागा दिली, आणि त्यानंतर यंत्रांच्या आणखी तीन कंपन्यांच्या वेळी त्यांनीच मला बोलावलं. 'शॉप फ्लोअरवाल्या मॅडमना दाखवून घ्या' हे वाक्य त्यांच्याच एका बैठकीत पहिल्यांदा म्हटलं गेलं, असं मला नंतर कळलं. शॉप फ्लोअर म्हणजे कारखान्यात मशीनं चालतात ती जागा. ते नाव मी ठेवलेलं नाही. मला ते फार आवडतं.

शिरोलीचं आणखी एक. फौंड्रीवाल्याशी ओळख मी करून दिली होती, म्हणजे माझ्या शब्दावर त्याने छोटा लॉट घेतला होता. तीन महिन्यांनी त्याचा फोन, बिल ७० दिवस अडकलंय. मी फाउंडरला त्याच दिवशी सांगितलं की एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, पण कायदा राहू द्या, शिरोलीत संध्याकाळच्या चहाला सगळे फौंड्रीवाले एकत्र असतात, एकाचं बिल अडकलं की दहांना कळतं. त्याने दुसऱ्या दिवशी पैसे दिले आणि आजपर्यंत पुन्हा उशीर केला नाही. पुढे २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरला जात नाही. तेव्हा त्याने मला आठवणीने मेसेज केला.

आता नकाराबद्दल, कारण गुंतवणूकदाराच्या हातून सगळ्यात जास्त होणारी गोष्ट ती आहे. मी वर्षाला साधारण दीडशे कंपन्या बघते आणि दोनांत पैसे लावते. म्हणजे माझं नाव तोंडात घेणाऱ्या शंभरातल्या जवळपास नव्व्याण्णव माणसांना माझ्याकडून फक्त नकार मिळालेला आहे. सुरुवातीला मी उत्तरच द्यायची नाही. 'बघते', 'कळवते', मग गप्प. नेटवर्कमध्ये तीच रीत होती, दार उघडं ठेवायचं म्हणून. २०२१ मध्ये एका मुलीने लिहिलं, "मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, पण मी सहा आठवडे तुमचं नाव माझ्या कागदावर 'बहुतेक' या रकान्यात ठेवलंय." मला लाज वाटली. पगाराची तारीख तोंडावर असताना 'बहुतेक' हा रकाना काय करतो हे मला धंदा करून माहीत होतं, तरी मी ते केलं होतं.

त्या मुलीला मी जे उत्तर लिहिलं त्याला तीन दिवस लागले. तेव्हापासून पद्धत ठेवली आहे: डेक वाचल्यापासून दहा दिवसांत उत्तर, एक खरं कारण, आणि काय बदललं तर मी पुन्हा बघेन ते. 'बाजार लहान वाटतो' असलं गुळगुळीत कारण नाही. उदाहरणार्थ, एकाला लिहिलं होतं: 'तुमचं यंत्र चांगलं आहे. तुम्ही सांगता त्या खर्चात ते बनणार नाही असं मला वाटतं, कारण मोटर तुम्ही किरकोळ भावाने न धरता हजार नगांच्या भावाने धरली आहे. ५० नगांच्या खऱ्या भावाने हिशेब करून पाठवलात आणि तरीही नफा राहिला, तर मी पुन्हा बसेन.' त्याने रागाने उत्तर दिलं, फार लांबलचक. १४ महिन्यांनी तोच परत आला, ३०० यंत्रं विकून, मोटरचा पुरवठादार बदलून. मी पैसे लावले. तो आता नव्या फाउंडरांना माझ्याकडे पाठवतो तेव्हा म्हणतो, नाही म्हणतील, पण का ते सांगतील.

नाव झालं की त्याची मागणीही येते. 'सल्लागार म्हणून नाव द्या, एक टक्का देतो, पैसे नकोत.' सुरुवातीला मोह होतो, फुकटचे शेअर. मी एकदाही घेतले नाहीत. जिथे माझे पैसे नाहीत तिथे माझा फोटो नको. एका कंपनीने तर न विचारता माझा फोटो डेकच्या शेवटच्या पानावर लावला. दुसऱ्या गुंतवणूकदाराने मला अभिनंदनाचा मेसेज केला तेव्हा कळलं. मी त्याच दिवशी फाउंडरला तो काढायला लावला आणि ज्यांना डेक गेला होता त्या प्रत्येकाला त्यानेच दुरुस्ती पाठवावी असा आग्रह धरला. कुणीतरी त्या फोटोकडे बघून स्वतःचे दहा लाख घालणार होतं.

सगळ्यात अवघड प्रसंग घरचाच होता. दिरांची टूलरूम चांगली आहे, पुण्यातल्या चांगल्यांपैकी आहे. माझ्या कंपन्यांना साचे लागतात. पहिल्या दोन जणांना मी सहज दिरांकडे पाठवलं. तिसऱ्या वेळी एका सहगुंतवणूकदाराने विचारलं, "वहिनी, हे काम तुमच्या घरी जातंय हे फाउंडरला माहीत आहे का?" त्याला माहीत नव्हतं, आडनाव एक असूनही. मला राग आला, पण माणूस बरोबर होता. मी दिरांशी बोलले. म्हटलं, भाऊजी, इथून पुढे मी नातं आधी सांगणार, फाउंडर तीन ठिकाणांहून भाव घेणार, आणि तुमचा भाव मी बघणार नाही. त्यांना वाईट वाटलं. २३ वर्षं एकत्र धंदा केल्यावर असं बोलावं लागतं तेव्हा जीभ जड होते. दोन महिने आमच्यात थोडा दुरावा राहिला. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, "परवा तुझ्या एका पोराला मी भाव दिला, आणि म्हटलं की वाकडला अमुक ठिकाणी स्वस्त पडेल, तिकडे कर."

घरच्यांना माझं काम कळलं ते २०२१ च्या डिसेंबरमध्ये शार्क टँक इंडिया सुरू झाल्यावर. तोवर नणंद समजत होती की मी शेअर बाजारात खेळते. एंजल हा शब्द मुळात ब्रॉडवेच्या नाटकांना पैसे लावणाऱ्यांसाठी वापरला जायचा, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्या नाटकवाल्यांना कुणी का नाही भेटले?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण टीव्हीवर दिसतं तसं हे काम दहा मिनिटांत होत नाही, हे मी भेटणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. हो म्हटल्यापासून शेअर हातात येईपर्यंत माझ्या अनुभवात दोन ते चार महिने जातात. मूल्यांकनाचा अहवाल, देकाराचं पत्र, वेगळ्या बँक खात्यात पैसे, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरचं वाटप, वाटपाचं विवरण रजिस्ट्रारकडे दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम फाउंडरांना ठाऊक नसतो आणि पगाराच्या घाईत मोडला जातो. मी याचा एक पानी कागद मराठीत केला आहे. तो कागद माझ्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त फिरला. एंजल टॅक्स (शेअर वाजवी किमतीहून जास्त भावाने विकले तर वरच्या रकमेवर कंपनीला लागणारा कर) होता तेव्हा त्यावरही असाच एक कागद केला होता. २०१२ च्या अर्थसंकल्पातून आलेला तो कर २०२४ च्या जुलैमध्ये रद्द झाल्याची घोषणा झाली, त्या दिवशी तो कागद मी आनंदाने फाडला.

आजवर ११ कंपन्यांत ५८ लाख गेले आहेत. तीन बंद पडल्या. एक दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, तिथे पाचाचे आठ झाले. बाकी सात चालू आहेत, त्यातल्या दोन चांगल्या. हिशेब जुळवून बघितला तर अजून मी तोट्यात आहे, आणि हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

येत्या शनिवारी अंबडला जायचंय. कांद्याचं यंत्र आता ४०० च्या पुढे गेलं आहे आणि फाउंडरला वाटतंय की आता डाय करायची वेळ आली. मलाही तसं वाटतंय. पण त्याने पाठवलेल्या नव्या ड्रॉइंगवर मागच्या बाजूच्या चार भोकांना पुन्हा २० मायक्रॉन आलाय. मी त्या चारही भोकांभोवती लाल पेनाने गोल केले आहेत आणि कडेला लिहिलं आहे: 'इथे काय बसतं?'